फोटो धूसर का येतो? लेन्स फोकस करायला शिकताना

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्या काही दिवसांत एकच तक्रार ऐकू येते. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, पण कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला तर चेहरा धूसर आणि मागच्या पडद्याची वेलबुट्टी लख्ख. बहुतेक जण अशा वेळी लेन्सला दोष देतात. लेन्स बिचारी बरोबरच चाललेली असते. समोर दहा गोष्टी असतील तर त्यातली कुठली महत्त्वाची हे कॅमेऱ्याला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो आपल्या मनाने एक निवडतो, आणि बहुधा सगळ्यात जवळची किंवा जास्त उठावदार असलेली निवडतो. फोकस शिकायचा म्हणजे ही निवड कॅमेऱ्याकडून आपल्याकडे घ्यायची.

इथली उदाहरणं कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स धरून दिली आहेत. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चरचं, लेन्समधल्या छिद्राचं माप: आकडा लहान तितकं छिद्र मोठं. बॉडी कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५००, डी५६०० यांसारखी. दुसरा कॅमेरा असला तर बटणांच्या जागा बदलतील, बाकी सगळं तेच.

आधी रोग ओळखा

प्रत्येक धूसर फोटो फोकस चुकल्यामुळे आलेला नसतो. फोटो १०० टक्के मोठा करा आणि चेहरा सोडून बाकीच्या भागावर नजर फिरवा.

फोटोत कुठेतरी काहीतरी शार्प आहे, फक्त हवं ते नाही, तर फोकस चुकलाय. कान शार्प आणि डोळे मऊ, किंवा शर्टाची बटणं शार्प आणि चेहरा मऊ, ही त्याची ठरलेली लक्षणं.

कुठेच काही शार्प नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट झालेत, तर हात हललाय. भिंत, खुर्ची जागच्या जागी शार्प आहे आणि माणसाचे हातच पुसल्यासारखे दिसतायत, तर शटर स्पीड, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते, कमी पडलाय. या दोन्हींवर फोकसचा उपाय चालत नाही, शटर स्पीडच वाढवावा लागतो. ५५ मिमीवर हातात धरून काढताना निदान १/१०० ठेवा. एका जागी उभं राहून बोलणाऱ्या माणसाला १/१२५ पुरतो, पळणाऱ्या पोराला १/५०० किंवा त्याहून जास्त लागतो. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवायला कचरू नका. दाणेदार फोटो नंतर बराच सुधारता येतो, हललेला फोटो हललेलाच राहतो. लेन्सवरचं स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पळणाऱ्या पोराला ते थांबवू शकत नाही.

चौथा प्रकार कोकण-गोव्यात आणि पावसाळ्यात हमखास दिसतो: सगळा फोटो दुधाळ. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका. निघण्याआधीच कॅमेरा बंद बॅगेत ठेवून बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं बॅग उघडू नका. समोरच्या काचेवरचा बोटाचा ठसा किंवा स्वस्तातला यूव्ही फिल्टर यांनीही असाच मऊपणा येतो. शंका आली की फिल्टर काढून एक फोटो काढून बघा.

व्ह्यूफाइंडर आपल्या डोळ्याला जुळवा

हे काम एकदाच करायचं, पण बरेच जण करतच नाहीत. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटं चाक किंवा सरकती कळ असते, ती डायऑप्टरची. कॅमेरा उजळ भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा. समोरच्या दृश्याकडे बघू नका, आत दिसणाऱ्या आकड्यांकडे आणि फोकस पॉइंटच्या चौकटींकडे बघा. ते कोरल्यासारखे स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवा. चष्मा लावून फोटो काढणार की काढून, हे आधी ठरवा आणि त्याच स्थितीत जुळवा. डायऑप्टरचा ऑटोफोकसशी काही संबंध नाही. पण तो बिघडलेला असेल तर बरोबर फोकस झालेलं दृश्यही आत धूसर दिसतं, आणि हाताने फोकस करायचं तर अंदाजच चुकतो. बॅगेत ठेवताना-काढताना हे चाक धक्क्याने फिरतं, म्हणून अधूनमधून तपासत राहा.

काड्यापेट्यांचा सराव

पुढचा सराव अर्ध्या तासाचा आहे, आणि इतर कशाहीपेक्षा यातून जास्त शिकायला मिळतं. खिडकीजवळच्या टेबलावर पाच काड्यापेट्या तिरक्या रांगेत उभ्या करा. प्रत्येक पेटी आधीच्या पेटीच्या दहा सेंटिमीटर मागे आणि थोडी बाजूला. काड्यापेटीच कशाला? तिच्यावर ठळक छपाई असते, कडा सरळ असतात, आणि ऑटोफोकसला असाच उठाव लागतो.

१. मोड डायल ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा: कॅननवर एव्ही, निकॉनवर ए. ५० मिमी असेल तर एफ १.८. किट लेन्स असेल तर ५५ मिमीवर एफ ५.६.

२. लेन्सवरची कळ एएफवर (ऑटोफोकसवर) आहे ना, ते बघा. निकॉनच्या एएफ-पी किट लेन्सवर ही कळच नसते, तिथे मेनूत जावं लागतं.

३. फोकस मोड कॅननवर वन शॉट, निकॉनवर एएफ-एस. एआय फोकस किंवा एएफ-ए नको. त्यात विषय स्थिर आहे की हलतोय हे कॅमेरा ठरवतो, आणि शिकताना तो घोळ नकोच.

४. फोकस पॉइंट एकच निवडा. कॅननवर मागे उजव्या कोपऱ्यात वरती पॉइंट निवडायचं बटण असतं, ते दाबून बाणांच्या बटणांनी नऊपैकी हवा तो पॉइंट घ्या. निकॉनवर आय बटण दाबून एएफ-एरिया सिंगल पॉइंट करा, मग बाणांनी पॉइंट सरकतो. डी३५०० ला असे ११ पॉइंट आहेत, डी५६०० ला ३९.

५. पाचपैकी मधली, म्हणजे तिसरी पेटी तुमच्यापासून साधारण एक मीटरवर येईल असे बसा. कोपर टेबलावर टेका. पॉइंट तिसऱ्या पेटीच्या छपाईवर आणा.

६. शटरचं बटण अर्धं दाबा. लेन्स फिरेल, बीप वाजेल आणि व्ह्यूफाइंडरमध्ये खाली गोल ठिपका स्थिर पेटेल. बोट तसंच ठेवा. श्वास सोडता सोडता उरलेलं बटण दाबा.

आता फोटो मोठा करून बघा. एफ १.८ ला एक मीटरवर शार्प पट्टा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा असतो. तिसऱ्या पेटीवरची अक्षरं वाचता येतील, दुसरी आणि चौथी विरघळलेली दिसेल. किट लेन्सवर एफ ५.६ ला हाच पट्टा सुमारे सात सेंटिमीटरचा मिळतो. ५० मिमीवर एफ ८ करून पुन्हा काढा, पट्टा बारा सेंटिमीटरच्या आसपास जाईल आणि शेजारच्या पेट्या ओळखता येण्याइतपत स्पष्ट होतील. मग पॉइंट पहिल्या पेटीवर, पाचव्या पेटीवर नेऊन हेच करा. शेवटी ऑल पॉइंट किंवा ऑटो एरिया लावून एकदा काढा. कॅमेरा कुठली पेटी निवडतो ते बघितलं की पहिल्या परिच्छेदातली तक्रार कुठून येते ते कळेल.

सरावात ज्या गोष्टी बिघडतात त्याही ठरलेल्या आहेत. अर्ध्या दाबावरून बोट उचललं की कॅमेरा नव्याने फोकस शोधतो आणि भलत्याच जागी जातो. बीप वाजल्यावर तुम्ही नकळत दोन सेंटिमीटर पुढे झुकलात तर फोकस पेटीच्या मागे गेला, कारण एक मीटरवर तेवढीच तर सवड आहे. म्हणून कोपर टेकवायला सांगितलं. आणि लेन्स नुसतीच पुढे-मागे घरघरते, ठिपका लुकलुकतो, शटर पडत नाही, असं झालं तर तुम्ही बहुधा जास्त जवळ गेलात. कॅननची १८-५५ साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, ५० मिमी एसटीएम (स्टेपिंग मोटरची) ३५ सेंटिमीटरच्या आत. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजायचं नसतं, सेन्सरपासून मोजायचं असतं. बॉडीवर वरच्या बाजूला गोलातून जाणारी आडवी रेघ असलेली छोटी खूण दिसेल, सेन्सर तिथे आहे.

शार्प पट्टा किती जाड

फोकसची जागा म्हणजे कॅमेऱ्यासमोर सेन्सरला समांतर उभं केलेलं काचेचं तावदान समजा. फोकस बदलला की तावदान पुढे-मागे सरकतं. ॲपर्चर लहान केलं की तावदान जाड होतं. ते नेहमी कॅमेऱ्याच्या तोंडासमोर सरळ उभं असतं, हे विसरू नका. म्हणून दोन माणसं एकमेकांच्या मागे-पुढे बसली असतील तर एफ १.८ वर दोघं शार्प येणं शक्यच नाही, तुम्ही कितीही नेमका फोकस करा. त्यांना एका रेषेत बसवा किंवा ॲपर्चर एफ ५.६ करा.

एपीएस-सी सेन्सरवर (वरच्या सगळ्या बॉडींत याच आकाराचा सेन्सर असतो) ५० मिमीचे काही आकडे लक्षात ठेवले की पुष्कळ होतं. दोन मीटरवरून, म्हणजे कमरेपर्यंतच्या फोटोला, एफ १.८ ला पट्टा अकरा सेंटिमीटर, एफ ४ ला चोवीस. अकरा सेंटिमीटरमध्ये सरळ बघणाऱ्या माणसाचा चेहरा मावतो, पण फोकस नाकावर असेल तर कान सुटतात. म्हणून व्यक्तीच्या फोटोत पॉइंट कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवायचा. मान वळवलेली असेल तर दुसरा डोळा मऊ आला तरी कुणी विचारत नाही, जवळचा डोळा मऊ आला की फोटो गेला.

लग्नातल्या दोन रांगांच्या ग्रुप फोटोला ३५ मिमी, एफ ५.६, अंतर तीन मीटर. फोकस पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यावर. सुमारे २.४ मीटरपासून ४ मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं, मागची रांग त्यात आरामात बसते.

निसर्गदृश्यात कासच्या पठारावरची पायाजवळची फुलंही हवीत आणि क्षितिजावरचा डोंगरही, असं असेल तर फोकस डोंगरावर करू नका. १८ मिमी, एफ ८ ला साधारण २.१ मीटरवर फोकस केलात तर एक मीटरच्या जरा पुढपासून थेट अनंतापर्यंत शार्पपणा पुरतो. अंदाज चुकवायचाच असेल तर दोनच्या ऐवजी तीन मीटरकडे चुकवा, म्हणजे निदान डोंगर हातचा जात नाही. एफ १६, एफ २२ पर्यंत जाऊ नका. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ होतो. एफ ११ पर्यंत थांबलेलं बरं.

मधल्या पॉइंटने धरून फ्रेम सरकवणं

जुनी आणि लोकप्रिय पद्धत: मधला पॉइंट डोळ्यावर, अर्धं बटण, बोट न उचलता फ्रेम बाजूला सरकवायची, मग पूर्ण दाबायचं. तीन-चार मीटरवर, एफ ४ किंवा त्यापुढे, ती खुशाल वापरा. पण जवळून आणि एफ १.८ वर ती घात करते. एक मीटरवर कॅमेरा फक्त दहा अंश फिरवला तरी मघाचं फोकसचं तावदान त्याच्याबरोबर फिरतं आणि डोळ्याच्या दीड सेंटिमीटर मागे जातं. आपल्याकडे पुढे-मागे मिळून सवडच पावणेतीनची, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे सव्वा-दीड. डोळा पट्ट्याच्या कडेवर किंवा बाहेर. अशा वेळी आधी फ्रेम लावा आणि मग डोळ्यावर येणारा बाजूचा पॉइंट निवडा.

अंधारात मात्र गणित उलटं होतं. १५००डी सारख्या कॅमेऱ्यात नऊपैकी मधला पॉइंटच आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखतो, बाजूचे कच्चे असतात, म्हणून तिथे मधलाच पॉइंट वापरा. बाजूचा पॉइंट एखाद्या पट्टेरी कापडावर अडखळला तर कॅमेरा आडव्याचा उभा करून बघा, पट्ट्यांची दिशा बदलली की पॉइंट पकडतो.

ऑटोफोकस कुठे हरतो

कोरी भिंत, निरभ्र आकाश, धुकं, एकरंगी साडी: उठाव नाही, म्हणून पकड नाही. त्याच अंतरावरची एखादी कड शोधा. साडीचा काठ, भिंतीवरचा स्विच, ढगाची किनार. गणपतीच्या मांडवात मूर्तीच्या अंधाऱ्या भागावर लेन्स घरघरत राहते, तिथे मुकुटाची उजळ कड घ्या. फ्लॅश वर असेल तर कॅननचे छोटे कॅमेरे फोकससाठी फ्लॅशचे झटके मारतात, गाभाऱ्यात ते कुणाला आवडत नाही. फ्लॅश खाली करा.

प्राणिसंग्रहालयातल्या जाळीपाशी जवळची जाळी शार्प आणि मागचा वाघ धूसर. एकच पॉइंट घेऊन जाळीच्या भोकातून प्राण्याच्या डोळ्यावर नेम धरा. लेन्स शक्य तितकी जाळीच्या जवळ न्या, ॲपर्चर मोठं ठेवा, जाळी विरून जाते. गवतातला पक्षी, झाडीतला माणूस, पावसाचे थेंब असलेली गाडीची काच, सगळीकडे हाच उपाय. तरीही पकडत नसेल तर मॅन्युअल.

हलता विषय

वन शॉटमध्ये बीप वाजला की फोकस गोठतो. समोरचा माणूस त्यानंतर चालत आला तर फोकस मागेच राहतो. त्यासाठी कॅननवर एआय सर्वो, निकॉनवर एएफ-सी. यात अर्धं बटण दाबून ठेवाल तोवर कॅमेरा फोकस सतत बदलत राहतो. बीप वाजत नाही, आणि फोकस लागण्याआधीही शटर पडू शकतं. म्हणून बटण दाबायची घाई नको: एखादा सेकंद पॉइंट विषयावर धरून ठेवा, मग सलग चार-पाच फोटो घ्या.

भिगवणला उजनीच्या पाण्यावरून उडणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी मधला पॉइंट, सतत फोकस आणि १/१००० च्या पुढचा शटर ठेवा. पक्षी आकाशासमोर असताना हे सोपं. पाण्यासमोर आला की फोकस लाटांवर घसरतो, तेव्हा बोट उचलून पुन्हा धरा. मिरवणुकीतल्या ढोलपथकासाठी वेगळी युक्ती: ढोलकरी ज्या जागी येणार त्या जागी रस्त्यावर फोकस करून ठेवा, कळ एमएफवर (मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकसवर) टाका, आणि तो तिथे आला की दाबा.

थोडा सराव झाला की फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. कॅननच्या कस्टम फंक्शनमध्ये शटर/एई लॉक बटणाचा पर्याय आहे, तो बदलला की ताऱ्याच्या बटणावर फोकस येतो. निकॉनवर एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन द्या. अंगठा दाबून ठेवला तर सतत फोकस, सोडला तर गोठलेला. दोन मोडमध्ये उड्या माराव्या लागत नाहीत. पहिले तीन-चार दिवस अंगठा विसरतो आणि फोटो वाया जातात, एवढी किंमत द्यावी लागते. कॅमेरा घरात दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर आधी सेटिंग मूळपदावर आणा, नाहीतर कॅमेरा बिघडला म्हणून ओरड होते.

हाताने फोकस

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकस नेहमीच्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून व्ह्यूफाइंडरला दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत, रुळला. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा दिसायची आणि ती जुळली की फोकस लागायचा. आजच्या डीएसएलआरच्या (डिजिटल एसएलआरच्या) काचेवर ती सोय नाही, म्हणून मॅन्युअल फोकस व्ह्यूफाइंडरमधून नको, लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दृश्य बघत करा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद. कळ एमएफवर. लाइव्ह व्ह्यू चालू करून भिंगाच्या बटणाने दृश्य मोठं करा, कॅननवर आधी पाच आणि मग दहा पट. रिंग हळूहळू फिरवा, शार्प बिंदू ओलांडून थोडं पुढे जा, मग परत या. ओलांडल्याशिवाय तो नेमका कुठे होता हे डोळ्याला कळत नाही. चांदण्यांसाठी सगळ्यात तेजस्वी तारा मोठा करून तो सर्वात लहान ठिपका होईपर्यंत फिरवा. रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे अनंत लागलं, असं नसतं, बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढे जातात. किट लेन्सवर झूम करून फोकस करायचा आणि मग झूम मागे घ्यायचा, हेही नको. झूम बदलला की तिचा फोकस सरकतो.

फुलं, किडे अगदी जवळून काढताना रिंग फिरवत बसण्यापेक्षा ती एका जागी ठेवा आणि स्वतः पुढे-मागे डुला. शार्प झालं की दाबा.

कळ एएफवर असताना कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ १.८ किंवा १८-५५ ची रिंग जोर लावून फिरवू नका, आतल्या मोटरचे दाते झिजतात. एसटीएम लेन्सची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असताना ती फिरते पण काही करत नाही. आणि सेकंडहँड बाजारात एक नेहमीची फसगत: निकॉनची ५० मिमी एफ १.८ डी स्वस्तात मिळते म्हणून लोक डी३५०० किंवा डी५६०० ला घेतात. त्या लेन्समध्ये मोटर नाही आणि या बॉडीतही नाही, त्यामुळे ऑटोफोकस चालत नाही. रिंग हाताने फिरवली तर बरोबर जागी हिरवा ठिपका पेटतो, तेवढीच मदत. जी अक्षराची लेन्स घ्या.

मिररलेसवाल्यांना, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांना, यातलं बरंच सोपं आहे. डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू करा, माणूस की प्राणी हे मेनूत निवडा, आणि पॉइंट हलवायची कटकट बहुतेक वेळा संपते. दोन माणसं फ्रेममध्ये आली की मात्र कोणाचा डोळा, हे पुन्हा तुम्हालाच सांगावं लागतं. मॅन्युअलला फोकस पीकिंगच्या, म्हणजे शार्प भागाभोवती स्क्रीनवर दिसणाऱ्या, रंगीत कडा मदत करतात, पण एफ १.८ वर त्या खऱ्यापेक्षा जाड पट्टा रंगवतात. शेवटची खात्री दृश्य मोठं करूनच.

लेन्सवरच संशय असेल तर

सगळं नीट करूनही डीएसएलआरवर फोकस दर वेळी पुढेच किंवा दर वेळी मागेच पडत असेल तर पुन्हा काड्यापेट्या काढा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मधला पॉइंट, एफ १.८, तिसरी पेटी. व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो. प्रत्येक फोटोआधी रिंग मुद्दाम बिघडवा. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून पाच फोटो. लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सरवरच फोकस तपासला जातो, त्यामुळे तिथे पाचही बरोबर आले आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही एकाच बाजूला चुकले, तर बॉडी आणि लेन्सची जुळणी बिघडली आहे. पाच फोटो पाच ठिकाणी चुकले तर उजेड कमी आहे किंवा हात हलतोय, कॅमेऱ्याला दोष देऊ नका. जुळणीची दुरुस्ती महागड्या बॉडीत मेनूतूनच करता येते. १५००डी सारख्यात ती सोय नाही, सर्व्हिस सेंटरला द्यावा लागतो. देताना लेन्स आणि बॉडी दोन्ही न्या, आणि हे दहा फोटो मूळ फाइलसकट कार्डवर ठेवा.